मुका खांब शिकतेय, आणि चौकोनाचं देवळाचं शिखर होतंय

रानजाई | ३ ऑगस्ट, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. तीन आठवडे झाले, मी क्रोशे शिकतेय आणि मुका खांब या साध्या, बुटक्या टाक्यापाशी पक्की अडकलेय.

माझ्या सासूबाई मूळच्या वाईच्या, वय ७८. आमच्या घरात त्यांच्या हातचा रुमाल नाही असं ताट नाही की तांब्या नाही. पांढऱ्या दोऱ्यातले, कडेला मणी ओवलेले रुमाल. दुधाच्या पातेल्यावर घालायचे जाळीचे रुमाल तर अजून रोजच्या वापरात आहेत. नणंदेच्या रुखवतात त्यांनी विणलेलं तोरण होतं, त्यात ओळीने अकरा मोर. पण चार वर्षांपासून त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला त्रास आहे. समोर आलेलं माणूस ओळखतात, बारीक दोरा मात्र दिसत नाही. तेव्हा सुई डब्यात गेली ती परत बाहेर आली नाही.

त्यांच्याकडूनच शिकायचं असं मी ठरवलं. अडचण ही की त्यांची विद्या सगळी बोटांत आहे, तोंडाने सांगायची वेळ कधी आलीच नव्हती. "हे असं घालायचं, असं ओढायचं, झाला मुका खांब." एवढं म्हणेपर्यंत तीन टाके होऊन गेलेले असतात. म्हणून व्हिडिओ बघायला लागले आणि गोंधळ आणखी वाढला. एका व्हिडिओत डबल क्रोशे म्हणून जे दाखवतात त्याला आई, म्हणजे सासूबाई, खांब (उंच टाका) म्हणतात. दुसऱ्या व्हिडिओत डबल क्रोशे म्हणून चक्क मुका खांब!

सुरुवातीला आईंचीच स्टीलची बारीक सुई आणि २० नंबरचा दोरा घेतला होता. तो डोळ्यांना झेपेना म्हणून बाजारातून गडद निळी लोकर आणि अडीच मिलिमीटरची सुई आणली. वीस मुक्या खांबांची पट्टी घातली. पहिली ओळ मोजली, बरोबर वीस. आठव्या ओळीला मोजली तर तेरा! दोन्ही कडा आत येत येत देवळाच्या शिखरासारखा आकार झालाय. तीनदा उसवलं, तीनदा तेच.

आणखी एक. आईंचे जुने तुकडे भिंग लावून बघितले तर त्यांच्या प्रत्येक मुक्या खांबावर बारीकशी फुली दिसते. माझ्यावर व्ही दिसतो. माझं तिथेही चुकतंय का?

सुपारीफूल | ३ ऑगस्ट, रात्री १०:०५

ओळ संपल्यावर वळताना किती साखळ्या घालता? आणि वळल्यावर पहिला टाका नेमका कुठे घालता? एवढं सांगा, बाकी नंतर बोलू.

रानजाई | ३ ऑगस्ट, रात्री १०:१२

एक साखळी घालते आणि वळते. मग ती साखळी म्हणजेच पहिला टाका धरून कडेचा टाका सोडते आणि त्याच्या पुढच्यात सुई घालते. व्हिडिओत "वळणाची साखळी हा पहिला टाका" असंच सांगितलं होतं.

लोकरीची_गुंडी | ४ ऑगस्ट, सकाळी ६:५५

रानजाई, तुमची चूक तुम्हीच लिहून ठेवली आहे. वीसाचे तेरा झाले, म्हणजे सात गेले. आठ ओळींत वळणं किती येतात? सात. प्रत्येक वळणावर नेमका एक टाका जातोय. हात कच्चा असता तर कधी दोन गेले असते, कधी एक वाढला असता. इतका शिस्तीत हिशेब लागतोय याचा अर्थ तुमचा हात उत्तम आहे, हाताला दिलेला नियम तेवढा चुकीचा आहे.

तुम्ही ऐकलेला नियम खांबाचा आहे. खांब उंच असतो, त्याच्या उंचीला पोचायला वळताना तीन साखळ्या घालाव्या लागतात. त्या तीन मिळून एका खांबाएवढ्या दिसतात, म्हणून त्यांना पहिला खांब धरतात आणि कडेचा टाका सोडतात. मग ओळीच्या शेवटी मागच्या ओळीतल्या त्या तीन साखळ्यांच्या डोक्यावर एक खांब घालतात, म्हणजे हिशेब पुरा होतो. मुका खांब बुटका. त्याला वळायला एकच साखळी पुरते आणि ती मोजायची नाही. ती फक्त सुईला वर चढायला पायरी. वळल्यावर पहिला मुका खांब अगदी कडेच्या टाक्यातच घालायचा, जिथून ती साखळी निघाली त्याच्या बुडाशी. तिथे जागा फार कमी दिसते, सुई घालायला धीर होत नाही. तरी तिथेच घालायचा.

आता मुळापासून एकदा सांगते, कारण आईंचं "हे असं" शब्दांत आलं तर तुम्हाला त्यांचा हात वाचता येईल.

आधी सरकगाठ. ही गाठ कधीच मोजायची नाही. सुईवर जो फास आहे तोही मोजायचा नाही, कधीही, कुठल्याही ओळीत नाही. वीस मुके खांब हवे तर साखळ्या एकवीस घाला आणि सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला टाका घाला. साखळी सैल ठेवा. शिकणाऱ्याची साखळी नेहमी आवळलेली असते, कारण गाठ सुटेल अशी भीती असते. तरीही आवळली जात असेल तर साखळीपुरती थोडी जाड सुई घ्या आणि पहिल्या ओळीला नेहमीची.

साखळी समोरून बघितली की वेणीसारखे एकात एक अडकलेले व्ही दिसतात. उलटी केली की मागे एकेक उंचवटा दिसतो. पहिल्या ओळीत सुई त्या उंचवट्याखालून घातली तर खालची कड वरच्या कडेसारखीच देखणी येते. पण पहिल्या आठवड्यात हा हट्ट नको. व्हीच्या एका पदराखालून घातली तरी चालेल, मात्र सगळ्या ओळीत एकाच पद्धतीने घाला.

दुसऱ्या ओळीपासून मात्र एकच जागा. टाक्याच्या डोक्यावर जो व्ही आडवा पडलेला असतो त्याच्या दोन्ही पदरांखालून सुई पलीकडे. दोरा घ्या आणि अलीकडे ओढा. आता सुईवर दोन फास. इथे क्षणभर थांबा, दोन्ही फास सारख्या उंचीचे आहेत का बघा. मग पुन्हा दोरा घ्या आणि दोन्हीतून एकदम बाहेर काढा. झाला मुका खांब. जो फास ओढून आणता तो थोडा उंच ओढा. तो आखूड राहिला की सगळी वीण पुठ्ठ्यासारखी कडक होते आणि पुढच्या ओळीत सुई शिरत नाही.

शेवटचा टाका लपतो. तो कडेला जरा मागे वळून बसतो आणि ओळ संपली असं वाटायला लावतो. त्यासाठी ओळीच्या पहिल्या टाक्याच्या डोक्यात एक सेफ्टी पिन अडकवून ठेवा. वळून परत आलात की तोच शेवटचा टाका असतो. पिनेपर्यंत पोचल्याशिवाय ओळ संपत नाही. पिनेत टाका घातला, पिन काढली, वळलात, नव्या पहिल्या टाक्यात पिन लावली. एवढं दहा ओळी करा.

आणि ती गडद निळी लोकर आजच बाजूला ठेवा. गडद रंगात टाका दिसतच नाही, आम्हालाही दिसत नाही. फिकट पिवळी, आकाशी किंवा मोतिया घ्या. केसाळ लोकर नको, गुळगुळीत वळलेली हवी. मध्यम जाडीची, जिला दुकानदार डीके म्हणतात, आणि तिला चार मिलिमीटरची सुई. अडीचच्या सुईने ती लोकर विणणं म्हणजे हाताला शिक्षा. सुई मागताना नंबर सांगू नका, मिलिमीटर सांगा. स्टीलच्या बारीक सुयांत नंबर जेवढा मोठा तेवढी सुई बारीक, दोऱ्यातही १० पेक्षा २० नंबर बारीक. दुकानात याच्यावरून फार घोळ होतो.

फुलीबद्दल कुणीतरी लिहा. मला शाळेला निघायचंय.

गव्हाची_लोंबी | ४ ऑगस्ट, दुपारी २:२०

फुलीचं मी सांगते, कारण माझ्या आत्याच्या टाक्यावरही फुलीच असायची.

सुई टाक्यातून पलीकडे घातल्यावर दोरा घ्यायच्या दोन तऱ्हा आहेत. सुई दोऱ्याच्या खालून नेली, म्हणजे दोरा सुईवरून आला, की ओढल्यावर टाक्याचा व्ही होतो. व्हिडिओत बहुतेक हेच दाखवतात. जुन्या बायका सुई दोऱ्याच्या वरून नेऊन आकडीने दोरा सरळ खाली पकडतात आणि ओढतात. हात कमी फिरतो म्हणून तशी सवय पडते. त्या ओढण्यात फासाला एक पीळ बसतो आणि त्याची फुली होते. दुसऱ्यांदा दोरा घेताना, दोन फासांतून काढताना, बहुतेक जणी नेहमीसारखाच घेतात.

दोन्ही बरोबर. फुलीचा टाका किंचित बुटका आणि घट्ट येतो. आजकाल लोकरीच्या बाहुल्या विणणारे मुद्दाम फुली करतात, आतला कापूस दिसत नाही म्हणून. एका तुकड्यात दोन्ही मिसळू नका, एवढंच. तुम्हाला आईंच्या रुमालाशी जुळणारं काही करायचं असेल तर फुलीच शिका. ती तुमच्या घराची वीण आहे.

थेम्सकाठ | ४ ऑगस्ट, दुपारी ४:४८

नावांच्या गोंधळाबद्दल. इंग्लंडला आल्यावर मी पहिलं स्वेटर अर्धं विणून टाकून दिलं ते याच कारणाने.

अमेरिकेत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्याला ब्रिटनमध्ये डबल क्रोशे म्हणतात. आपला मुका खांब तो हाच. अमेरिकेतला डबल क्रोशे म्हणजे ब्रिटनमधला ट्रेबल, आणि आपला साधा खांब. पुढची नावंही अशीच एकेक पायरी सरकलेली. ब्रिटिश पद्धतीत सिंगल क्रोशे असं टाक्याचं नाव वापरात नाही, त्यामुळे नमुन्यात कुठेही सिंगल क्रोशे दिसलं की तो अमेरिकन धरून चाला. ते नसेल आणि ट्रेबल पुष्कळ असतील तर बहुधा ब्रिटिश. आईंच्या डब्यात जुन्या इंग्रजी पुस्तिका निघाल्या तर त्या ब्रिटिश पद्धतीच्या असू शकतात, आधी बघून घ्या.

मला स्वतःला मराठी नावं सगळ्यात सोयीची वाटतात. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब, दोन वेढ्यांचा खांब. नाव ऐकलं की टाका डोळ्यांसमोर उभा राहतो. सगळे नमुने मी आधी मराठीत लिहून घेते आणि मगच सुई हातात घेते.

डावखुरी | ४ ऑगस्ट, सायंकाळी ७:३०

शिकवणाऱ्याच्या शेजारी बसताय की समोर? फार महत्त्वाचं आहे. दोघी उजव्या हाताच्या असाल तर शेजारी बसा, तेही त्यांच्या डाव्या बाजूला थोडं मागे, म्हणजे त्यांचे हात तुमच्या हातांसारखेच दिसतील. मी डावखुरी. सातवीत शिवणाच्या बाईंनी मला महिनाभर शेजारी बसवून उजव्या हाताने विणायला लावलं, आणि मी सोडूनच दिलं होतं. पुढे मावशीने समोर बसवलं. समोरून ती आरशासारखी दिसायची आणि पहिल्या दिवशी टाका आला. डावखुऱ्या मुलींना कुणी शिकवत असाल तर कृपा करून समोर बसवा.

सुपारीफूल | ४ ऑगस्ट, सायंकाळी ७:५२

डावखुरी, हे वाचून बरं वाटलं. माझी भाची डावरी आहे, रविवारीच समोर बसवते.

रानजाई | ९ ऑगस्ट, रात्री ८:१५

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. फिकट पिवळी लोकर, चार मिलिमीटरची सुई आणि सेफ्टी पिन, तिन्ही आणलं.

पहिल्या दिवशी गंमत झाली. टाके कमी व्हायचे थांबले आणि वाढायला लागले. वीसाचे एकवीस, मग बावीस. रात्री बसून एकेक टाका बोटाने चाचपला तेव्हा उलगडलं. कडेच्या टाक्यात मुका खांब घालत होते ते बरोबर, पण ओळीच्या शेवटी मागची वळणाची साखळी दिसायची, तीही टाका समजून तिच्यात एक घालत होते. लोकरीची_गुंडी, तुम्ही पिनेशी थांबायला सांगितलंत आणि मी पिनेनंतर आणखी एक घालत होते. आता पिन आली की थांबते. काल रात्री बारा ओळी झाल्या, बाराही वीसाच्या.

डावखुरी, मी आईंच्या समोर बसत होते! आता डाव्या बाजूला बसते. त्यांची डाव्या हाताची करंगळी मला पहिल्यांदा नीट दिसली. दोरा करंगळीला एक वेढा, मग दोन बोटांखालून, मग तर्जनीवरून. ती तर्जनी त्या सारखी वर-खाली करत असतात, दोरा ताणला की खाली, सैल पडला की वर. वीण एकसारखी येते ती तिच्यामुळे. इतके दिवस मी सुईकडेच बघत होते.

आणि फुली जमली. सुई दोऱ्यावरून न्यायची, बस. आई म्हणाल्या, "मग? मी काय सांगत होते?"

चहाची_वेळ | ९ ऑगस्ट, रात्री ९:००

मधेच विचारते. मीही नवीन आहे. कपाखाली ठेवायला गोल चकती विणतेय, मुक्या खांबाचीच. चौथ्या ओळीपासून ती सपाट राहतच नाही, नुसत्या झालरी पडतात. इस्त्री केली, वजनाखाली ठेवली, उपयोग शून्य. लोकर खराब आहे का?

लोकरीची_गुंडी | ९ ऑगस्ट, रात्री ९:१८

प्रत्येक टाक्यात दोन-दोन घालताय का? सगळ्या ओळींत?

चहाची_वेळ | ९ ऑगस्ट, रात्री ९:२१

हो. गोल वाढायला हवा ना, म्हणून.

पाढे_पंचावन्न | ९ ऑगस्ट, रात्री १०:३५

यावर मला लिहू द्या. मी गणित शिकवतो आणि बायकोचं बघून क्रोशे शिकलो.

तुमच्या ओळी ६, १२, २४, ४८ अशा वाढताहेत, दर वेळी दुप्पट. सपाट वर्तुळाचा परीघ असा वाढत नाही. त्रिज्या एका ओळीने वाढली की परीघ ठरावीक तेवढाच वाढतो, मग वर्तुळ लहान असो की मोठं. मुका खांब रुंदीला आणि उंचीला जवळजवळ सारखा असतो. उंची १ धरली तर परिघात दर ओळीला दोन पाय (२π), म्हणजे सव्वासहाच्या आसपास वाढ व्हायला हवी. म्हणून सगळीकडे सहा सांगतात. ६, १२, १८, २४, ३०. दुसऱ्या ओळीत प्रत्येक टाक्यात दोन, तिसऱ्या ओळीत एक सोडून एक, चौथ्या ओळीत दोन साधे आणि तिसऱ्यात दोन, असं पुढे. खांब उंच असल्याने त्याच्या चकतीत साधारण बारा-बारा वाढवतात. सहापेक्षा कमी वाढवलेत तर कडा वर उचलून वाटी होते, टोप्या तशाच होतात. जास्त वाढवलेत तर जादा कड मावायला जागा शोधते आणि झालर पडते.

पण ती झालरीची चकती उसवू नका! कोंबड्याच्या फुलाचा तुरा बघितला असेल तर तोच आकार तो. गणितात अशा पृष्ठभागाला अपास्तिक (हायपरबोलिक) म्हणतात. त्यावर एका बिंदूतून दिलेल्या रेषेला एकच नव्हे तर कितीतरी समांतर रेषा जातात. हे कागदावर समजावताना पिढ्यान्पिढ्या शिक्षक थकले, कारण कागदाचं मॉडेल फाटायचं. १९९७ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या, मूळ लाटव्हियाच्या डायना टायमिना यांनी तो पृष्ठभाग क्रोशाने विणला, दर ओळीत ठरावीक प्रमाणात टाके वाढवून. विणलेला असल्यामुळे तो हातात घेता येतो, दुमडता येतो, घडी घालून वर रेषा काढता येतात. मी दहावीच्या वर्गात माझी विणलेली अशी चकती फिरवतो. शेवटच्या बाकावरची मुलंही हातातून सोडत नाहीत.

चहाची_वेळ | ९ ऑगस्ट, रात्री १०:५०

सर, ती जपून ठेवतेय. दुसरी सहाच्या हिशेबाने सुरू केली. तीन ओळी झाल्यात, सपाट आहे!

गोदाकाठची | ११ ऑगस्ट, सकाळी ११:१०

रानजाई, तुमच्या सासूबाईंच्या पांढऱ्या दोऱ्याचं वाचलं आणि लिहावंसं वाटलं. मी नाशिकची, नवऱ्याच्या नोकरीमुळे राजमहेंद्रीला राहते. आपल्या त्र्यंबकेश्वराला उगम पावणारी गोदावरी इथून पुढे जाऊन समुद्राला मिळते, आणि त्या मुखाकडे पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर आहे. तिथली क्रोशाची लेस प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी हे काम इकडे आणलं आणि खेड्याखेड्यांतल्या बायकांनी ते आपलंसं केलं. २०२४ मध्ये त्या लेसला भौगोलिक मानांकनही मिळालं.

एकदा तिथे एका घराच्या ओट्यावर बसून मी बघितलं. भात निवडून झाला होता, दुपारची वेळ, चौघी जणी गप्पा मारत विणत होत्या. एकीचंही लक्ष सुईकडे नव्हतं. दोऱ्याचा गुंडा पितळी तांब्यात ठेवलेला, म्हणजे तो धुळीत घरंगळत नाही. मी घरी आल्यावर तीच युक्ती उचलली.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. हे काम घरबसल्या, नगावर मजुरी घेऊन चालतं आणि हाती फार थोडं पडतं. दोन सुयांचं विणकाम मशीन करतं. क्रोशाचा प्रत्येक टाका आजही हातानेच पडतो, मशीनवर होते ती त्याची नक्कल. प्रदर्शनात क्रोशाचा टेबलक्लॉथ बघून कुणी "एवढा महाग?" म्हणालं की मला त्या चौघी आठवतात. तुम्ही आता वीस टाक्यांच्या बारा ओळी घातल्यात, दोनशे चाळीस टाके. त्याला किती वेळ लागला ते तुम्हाला माहीत आहे. किंमत कमी करायला सांगणाऱ्यांना तेवढं विणायला द्यावं असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

गव्हाची_लोंबी | ११ ऑगस्ट, दुपारी १२:४०

तांब्याची युक्ती झकास. माझ्या आत्याचा गुंडा अडकित्त्याच्या जुन्या पितळी डब्यात असायचा, झाकणाला भोक पाडून दोरा वर घेतलेला.

आणि रानजाई, सुई पेन्सिलसारखी धरता की सुरीसारखी? मनगट दुखत असेल तर दुसरी पद्धत करून बघा. अर्ध्या तासाने हात खाली ठेवून बोटं उघडमीट करायची. पहिल्या महिन्यात हौसेने तीन-तीन तास बसतात आणि मग अंगठा धरतो.

रानजाई | १७ ऑगस्ट, रात्री १०:२५

आज लिहायलाच हवं.

पट्टीच्या वीस ओळी पूर्ण झाल्या. वीस बाय वीस. रुंदीपेक्षा उंची किंचित कमी भरली, फुलीचा टाका बुटका येतो म्हणून असेल. कडा सरळ आहेत. मी ती आईंच्या हातात दिली. त्यांनी चष्मा मागितला नाही. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कड धरली आणि ओठ हलवत बोटं पुढे सरकवत नेली. "वीस." मग दुसरी कड. "वीस." मग पट्टी फिरवून उभी कड चाचपली आणि एका जागी थांबल्या. "इथे वळताना साखळी आवळलीस." मी उजेडात नेऊन बघितलं, नवव्या ओळीपाशी कड खरंच एका धाग्याएवढी आत होती. मला ती डोळ्यांनी दिसली नव्हती.

मग त्यांनी विचारलं, "ही लोकर एवढी जाड कशी?" मी सांगितलं, शिकणाऱ्यांनी जाड घ्यायची असते, टाका दिसायला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "सुई दे."

चार वर्षांनी त्यांनी सुई धरली. पहिले दोन टाके चुकले, सुई पदराच्या मधूनच गेली, ते त्यांनी बोटालाच कळून उसवले. तिसऱ्यापासून थांबल्याच नाहीत. डाव्या हाताचं मधलं बोट टाक्याच्या डोक्यावर ठेवायचं, व्ही लागला की त्याच्याखाली सुई. २० नंबरच्या दोऱ्यात बोटाला जे लागत नव्हतं ते या लोकरीत लागतं. मी जाड लोकर माझ्या सोयीसाठी आणली होती, आईंच्या उपयोगाची असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

त्यांनी वरच्या कडेला शिंपले घातले. एक मुका खांब, दोन टाके सोडायचे, तिसऱ्यात पाच खांब, पुन्हा दोन सोडून मुका खांब. विणता विणता म्हणाल्या, "वीस कशाला घातलेस? एकोणीस हवे होते, शिंपल्याला सहाच्या पटीत आणि वर एक लागतो." मी म्हटलं, उसवू का? "छे. मधल्या शिंपल्याशी दोनाऐवजी तीन सोडते. कुणाला दिसतंय?" खरंच दिसत नाही. तीन शिंपले बरोबर बसलेत.

आता उद्यापासून दोघींचं ठरलंय. भाचीला ऑक्टोबरमध्ये बाळ होणार आहे. मधला भाग मी विणायचा, कडा त्या घालणार. बाळाची दुलई. त्यासाठी एक प्रश्न आहे. एका गुंड्यात दुलई होणार नाही. दुसरा गुंडा जोडताना गाठ मारायची का? बाळाच्या अंगाला गाठ टोचेल. आई म्हणतात गाठ नको, पण कशी जोडायची ते पुन्हा "हे असं".

लोकरीची_गुंडी | १८ ऑगस्ट, सकाळी ६:४०

तुमचं लिहिलेलं आमच्या घरी मोठ्याने वाचून दाखवलं.

आईंचं बरोबर आहे, गाठ नको. जुन्या गुंड्याची साधारण वीतभर लोकर उरली की थांबा. मुका खांब नेहमीसारखा सुरू करा, सुई घातली, फास ओढला, सुईवर दोन फास आहेत. आता शेवटचं ओढणं जुन्या लोकरीने करू नका. नव्या गुंड्याचं टोक वीतभर सोडून त्याचा फास सुईवर घ्या आणि दोन्हीतून तो बाहेर काढा. पुढचा टाका नव्या लोकरीचाच होईल. मागे जी दोन शेपटं लोंबतात ती मागच्या ओळीच्या डोक्यावर आडवी धरून पुढचे पाच-सहा टाके त्यांच्यावरून विणा, म्हणजे ती आत झाकली जातात. बाळाची दुलई सारखी धुवावी लागणार, तेव्हा उरलेलं टोक जाड नेढ्याच्या बोथट सुईत ओवून उलट दिशेनेही चार टाके फिरवा, मग कापा. अगदी कडेला जोड आणू नका, ओळीच्या मध्यावर आणा. कड आईंच्या बोटांखाली जाणार आहे.

लोकर एकाच वेळी सगळी घ्या, आणि गुंड्याच्या कागदी पट्टीवरचा लॉट नंबर सगळ्या गुंड्यांवर सारखा आहे ना तेवढं बघून घ्या. लॉट बदलला की पिवळ्यात फरक पडतो.

दुलईच्या रुंदीसाठी सहाच्या पटीत आणि वर एक. १२१ मुके खांब घाला.